बाकीच्या तीन तारा

शनिवारची दुपार, जेवण अंमळ जास्तच झालेलं, आणि दिवाणावर बसलेल्या रिबेकाच्या मांडीवर शांतवनमामाची बेस गिटार. अशा दुपारी झोप काही विचारून येत नाही. आधी पापण्यांवर बसते, मग हळूच मानेवर. रिबेकाची मान एकदा पुढे जाते, परत मागे येते. झोपायचं नाहीये, ती स्वतःला बजावते. मामाला जाऊन वर्ष झालं, उद्या सकाळी चर्चमध्ये त्याची पहिली स्मरणभक्ती आहे, आणि तिथे हीच गिटार वाजवायची की आपली, ते अजून ठरायचंय.

त्यात ठरवायचं काय, असं कुणालाही वाटेल. चार तारा इथे, चार तारा तिथे. पण रिबेकाच्या गिटारच्या तारा एकमेकींना खेटून आहेत आणि मामाच्या ऐसपैस, पाय पसरून बसलेल्या. तिचं बोट सवयीने एका तारेवरून दुसरीवर उडी मारतं, तर तिथे तारच नसते! बोट मोकळ्या जागेत पडतं, सूर अर्धवट निघतो आणि गाणं तिला मागे टाकून पुढे जातं. गेला आठवडाभर हेच चाललंय. तेही आवाज बारीक ठेवून, कारण चुका मामीच्या कानावर जायला नकोत.

आपली गिटार नेली तर बिनचूक वाजेल. पण सुवार्तामामीने परवाच सांगून टाकलंय, "वाजवणारं असेल तर राहू दे घरात. नुसती टांगलेली मला नाही बघवत गं. नाहीतर रविवारी तिथेच चर्चच्या कपाटात ठेवून येऊ." मामी रागाने बोलली असती तर रिबेकाने तोंडाला तोंड दिलं असतं. मामी शांतपणे बोलली.

नववीत असताना याच दिवाणावर, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या मामाने तिला बेस शिकवला. मामाने जाड तार छेडली की आत मांडणीवरचे स्टीलचे पेले किणकिणायचे आणि मामी आतून ओरडायची, "अहो, हळू! पेले पडतील ना!" नगरच्या या घरातला तो आवाज गेलं वर्षभर बंद आहे. गिटार कपाटात गेली तर मामा दुसऱ्यांदा जाईल, असं रिबेकाला वाटतं. म्हणून तिने गिटारचा एक स्क्रूही हलवलेला नाही. धूळसुद्धा भीत भीत पुसते.

मान परत पुढे जाते, आणि या वेळी मागे येत नाही.

दिवाण गच्चीवर आहे. कपडे वाळत घालायच्या चार दोऱ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये शांतवनमामा उभा आहे. वर बनियन, खाली ऑर्केस्ट्राची पांढरी पँट. तो पहिली दोरी छेडतो. दोरी घुमते.

"रिबे, दुसरी तू घे," तो म्हणतो.

रिबेका दुसऱ्या दोरीकडे निघते. चालते, चालते, बेकरी मागे पडते, शाळेचं फाटक मागे पडतं, तरी दोरी हाताला लागत नाही.

"मामा, एवढ्या लांब लांब कुणी बांधल्या या?"

"मीच. माझ्या लेंग्याला वारा लागायला."

तिला हसू येतं आणि हसताहसता दोरी हातात येते. तो मेटॅडोरच्या दाराचा दांडा आहे. आत ऑर्केस्ट्राचे झालरीचे शर्ट टांगलेत, गाडी चाललीय आणि कुठेच चाललेली नाही. खिडकीशी एक सडपातळ माणूस बसलाय. त्याच्या मांडीवर हीच गिटार, नवीकोरी. तो बाहेर बघतोय.

"हा कोण?"

"कायतान. माझ्या आधी बेसला हाच होता. बोटीवर नोकरी लागली तेव्हा गिटार मला देऊन गेला. त्याची बोटं बघ."

शेवग्याच्या शेंगांसारखी लांब, बारीक बोटं. मामाची म्हणजे गाजरं.

"एवढ्या अंतरावर वाजवायचा तो?"

"एवढ्या? येडी का काय! त्याच्या तारा तुझ्यासारख्याच खेटून होत्या. मी एकीवर बोट ठेवलं की दोघी बोलायच्या. लग्नात तिकडे नवरी निघालीय रडत आणि इकडे माझा एकाचा दुप्पट गोंगाट. मग दिल्या सारून बाहेर."

रिबेका त्याच्याकडे बघत राहते. "तू बदललीस गिटार?"

"मग काय, बोटं तासून घेऊ?"

बसायची सीट कधीच चर्चचा बाक झालीय. सगळे बाक रिकामे, गीतांचे नंबर लावायच्या पाटीवर एकही आकडा नाही. मामा इतका जवळ बसलाय की त्याच्या तोंडातल्या लवंगेचा वास येतो. गिटार आता त्याच्या मांडीवर आहे. तारा जिथे संपतात तिथे प्रत्येक तारेखाली एक छोटा आडवा दांडा आहे, त्याला स्क्रूसारखे आटे, आणि तार त्यातल्या एका खाचेत बसलेली.

"सरकवायच्या," मामा सांगतो. "बाहेरच्या दोघी जास्त, आतल्या दोघी थोड्याच. चौघींत सारखं अंतर पडलं पाहिजे. आधी सैल कर, मग उचल. ताणलेलीला हात घातलास तर चापट खाशील."

"नको मामा."

"का गं?"

"मग ती तुझी नाही राहणार. मला तुझी फार आठवण येते. तुझ्या तारा तरी तुझ्या जागेवर असू देत ना."

मामा लवंग या गालातून त्या गालात नेतो.

"कायतान अडून बसला असता ना असा," तो म्हणतो, "तर मला सहा महिन्यांत ऑर्केस्ट्रातून हाकलला असता. आणि तुला शिकवायला कोण आलं असतं? रिबे, तू माझं म्युझियम काढलंस होय? त्या मोकळ्या जागेत काय मी राहतो? तिथे नुसती धूळ असते."

ती नाक ओढते. मामा खुंटी पिळतो, जाड तार सैल होते. तो ती आपल्या गाजरबोटांनी उचलतो आणि आत ठेवतो. टक्.

"एक मी केली. बाकीच्या तीन तुझ्या तू कर."

"उद्या येशील?"

"पेले आहेत ना मांडणीवर?"

"आहेत."

"मग झालं तर."

पातेलं आपटल्याचा आवाज येतो. रिबेका डोळे उघडते. मान आखडलीय, ऊन कॅलेंडरपर्यंत सरकलंय, मामी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवतेय. गिटार मांडीवर तशीच आहे.

तशीच नाही. जाड तार आतल्या खाचेत बसलीय. बाकीच्या तिघी पहिल्या जागी, पाय पसरून.

झोपेत आपल्याच हातून झालं असेल, ती मनाशी म्हणते. असेलही. ती तार छेडून बघते. तार अगदी सुरात आहे. रिबेकाला तर जागेपणी एक तार लावायला घाम फुटतो.

ती मोबाइलचा उजेड पाडून बाकीच्या दांड्यांकडे बघते. प्रत्येकावर, आतल्या बाजूला, एक खाच घासून गुळगुळीत झालेली आहे. धूळ पुसताना एवढ्या वेळा हात फिरला, पण तिने कधी नीट बघितलंच नव्हतं. ती तीन खुंट्या एकेक करून पिळते, तारा उचलते आणि त्या जुन्या खाचांमध्ये बसवते. आता भीती वाटत नाही. सुरात लावायला जो लागायचा तो वेळ लागतो.

मग ती अ‍ॅम्पचा आवाज मामा ठेवायचा तेवढा मोठा करते आणि उद्याच्या गीताची सुरुवात वाजवते. बोट पहिल्या तारेवरून दुसरीकडे जातं. तार तिथे आहे. तिसरी आहे. जाड तार घुमते, जमीन हलकेच थरथरते आणि आत मांडणीवरचे पेले किणकिणू लागतात.

"अहो, हळू!" मामी आतून ओरडते. "पेले पडतील ना!"

रिबेकाचा हात तारांवर थिजलाय. आत चहा उतू गेल्याचा चर्र आवाज होतो, कुणी गॅस बंद करत नाही.

बऱ्याच वेळाने मामीचा आवाज येतो, भिजलेला.

"थांबलीस कशाला गं? वाजव. पडू देत पेले."