थोरलीसाठी मोडलेलं लॉन

सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर माझ्या नवऱ्याला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे लॉन. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आम्ही घर बांधलं तेव्हा हॉल केवढा असावा, ओटा कुठल्या भिंतीला असावा, यात त्यांनी कधी तोंड घातलं नाही. पुढच्या अंगणाचा नकाशा मात्र त्यांनी स्वतः वहीत काढला. मधोमध हिरवं गवत आणि कडेनं तिरप्या रोवलेल्या विटा, एक गेरूनं रंगवलेली, एक चुन्यानं. त्यांच्या छावणीत असायच्या तशा.

घराबरोबर आम्हाला एक कुत्रीही मिळाली. बांधकाम चालू असताना वाळूच्या ढिगावर एक तांबूस पिल्लू झोपायचं. गवंड्यांच्या भाकरीवर ते वाढलं आणि वास्तुशांतीच्या दिवशी भटजींच्या आधी उंबरा ओलांडून आत गेलं. पुढं दोन वर्षांनी कोणीतरी एक काळं कुत्रं आमच्या फाटकापाशी सोडून दिलं. तेव्हापासून ती थोरली आणि तो काळा. थोरली घर राखायची. काळा फक्त खायचा आणि फटाके, प्रेशर कुकर, छत्री अशा सगळ्या गोष्टींना भ्यायचा.

फुलं आणली माझ्या आईनं. माझं माहेर सांगलीकडचं, तासगावच्या पुढचं एक गाव. आई पहिल्यांदा राहायला आली तेव्हा पदराच्या गाठीत गुलबक्षीच्या काळ्या बिया बांधून आली. कोणाला न विचारता, सकाळी दात घासता घासता तिनं त्या कुंपणाच्या कडेनं टाकून दिल्या.

नवरा तिला मामी म्हणतो. ते म्हणाले, "आवं मामी, तिथं लॉन करायचंय."

"लान म्हंजी?"

"गवत."

आईनं चूळ भरून टाकली आणि म्हणाली, "पावनं, गवात उपटायला मी जलमभर भांगलायला गेले. आन तुमी ते लावताय?"

त्या पावसाळ्यात कुंपणालगत गुलबक्षीचं रान माजलं. संध्याकाळी पाच वाजता मी टपाल कचेरीतून घरी यायची, तेव्हा गडद गुलाबी, पिवळी, पांढरी, एकाच फुलात दोन रंगांची अशी फुलं उमललेली असायची आणि गल्लीच्या तोंडापासूनच वास यायचा. पुढच्या वर्षी गुलबक्षी विटांची ओळ ओलांडून लॉनमध्ये शिरली. नवऱ्यानं उपटली. ती परत आली. त्यांनी खुरप्यानं खोदलं तर खाली रताळ्याएवढे कंद निघाले. जेवढे तुकडे जमिनीत राहिले, तेवढी झाडं पुन्हा वर आली. त्यातच तेरडा आणि कॉसमॉस कुठून तरी आले, ते कोणी लावल्याचं कोणीच कबूल करेना. शिवाय दोन्ही कुत्री दुपारची नेमकी त्या गारव्यात खड्डा करून झोपायची आणि उठली की लॉनवर माती झटकायची.

"सीमेवर एवढा त्रास झाला नाही मला," नवरा म्हणायचा.

सात-आठ वर्षं हे असंच चाललं. शेवटी एक अलिखित तह झाला. कुंपणापासून चार फूट गुलबक्षीचे आणि कुत्र्यांचे, बाकीचं लॉन त्यांचं.

मग एका उन्हाळ्यात थोरली पाण्याच्या बादलीला धडकली.

पहिल्यांदा आम्ही हसलो. नंतर ती दाराच्या चौकटीला धडकली. फेकलेली पोळी तिच्या नाकासमोर पडली तरी ती हुंगत शोधू लागली. मी तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी हलली नाही. डोळ्यांत निळसर धुकं दिसत होतं. त्याच दिवशी आम्ही तिला रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी मारून दोन्ही डोळे पाहिले. डोळ्यांतला दाब वाढला होता आणि नजर गेली होती.

"थेंब देतो, दुखायचं थांबेल," डॉक्टर म्हणाले. "नजर मात्र परत यायची नाही. घरातल्या वस्तू हलवू नका. ती शिकेल हळूहळू."

पण ती शिकेना. शिलाई मशीनच्या मागं एक कोपरा होता, तिथं ती जाऊन बसली ती बसलीच. जेवण पुढं ठेवलं तर खायची. बाहेर जायला मात्र तयार नसायची. पुढच्या दाराच्या दोन पायऱ्या तिच्यासाठी दरी झाल्या होत्या. जी कुत्री दूधवाल्याची मोटरसायकल वळणावरच ओळखायची, तिच्या पुढ्यातून आता मांजर गेलं तरी ती मान वर करत नव्हती. मला कामावर जाताना तिच्याकडे बघवत नसे.

नवरा रोज सकाळ-संध्याकाळ तिला उचलून बाहेर नेऊ लागला. वजन चांगलं वीस-बावीस किलो आणि यांची कंबर आधीच धरलेली. कधी उशीर झाला तर ती व्हरांड्यात घाण करायची आणि कान पाडून भिंतीला चिकटायची. हे स्वतः फडकं घेऊन पुसायचे. ज्या माणसाची चादर दुसऱ्या कोणी घातली तर त्याला झोप येत नसे, तो हा माणूस.

शेजारचे एक गृहस्थ कुंपणावरून म्हणाले, "सुभेदार, तिचे हाल बघवत नाहीत. एक इंजेक्शन देऊन सुटका करा की."

हे थोरलीला हातांवर घेऊन उभे होते. म्हणाले, "अजून रिटायर नाही झाली ती." आणि आत आले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी घरी आले तेव्हा गुलबक्षी नुकतीच उमलत होती. यांनी थोरलीला फाटकाजवळ खाली ठेवलं होतं आणि फोन आला म्हणून ते बाजूला गेले होते. मी फाटकाची कडी काढणार, तेवढ्यात थांबले. थोरलीनं नाक वर केलं. मग उजवा खांदा गुलबक्षीला घासत ती चालू लागली. एक पाऊल, दोन पावलं, मग सरळ, न अडखळता कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत. झाडांच्या फांद्या तिच्या अंगावरून जात होत्या आणि त्यांच्या आधारानं तिला कळत होतं की आपण कुठं आहोत. कोपऱ्यात गुलबक्षी संपली आणि पुढं लॉन लागलं. तिथं ती दोन पावलं गेली, थांबली, स्वतःभोवती फिरली, पुन्हा फिरली आणि मटकन खाली बसून कुईकुई करू लागली.

मी मान वर केली तर नवरा फोन हातात धरून उभा होता. त्यांनीही पाहिलं होतं.

"लॉनमध्ये तिला काहीच लागत नाही," ते म्हणाले. "तिच्यासाठी तिथं नुसतं मैदान आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मी बाहेर आले, तर हे कुदळ घेऊन आपलं लॉन खणत होते. सात-आठ वर्षं पाणी घालून, कातरून, रेघेत ठेवलेलं लॉन. मी म्हटलं, "अहो, पूर्ण नका काढू, मधलं राहू दे." त्यांनी ऐकलं नाही. पुढच्या दारापासून फाटकापर्यंत, एक वळण घेत, दोन सुतळ्या ताणल्या, मध्ये दोन फूट वाट ठेवली आणि दोन्ही बाजूंनी माती भुसभुशीत केली. मग घाम पुसत त्यांनी माझ्या आईला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"मामी, लवकर काय पसरतं? वासाचं पाहिजे."

पलीकडे आधी हसू फुटलं. मग आई म्हणाली, "आता कसं! यिती मी."

दोन दिवसांनी आई गावाहून एसटीनं आली. हातात दोन पिशव्या, दोन्हींतून रोपं बाहेर डोकावत होती. तिनं अंगणात उभं राहून पदर खोचला आणि सगळी सूत्रं हातात घेतली.

"पायरीपाशी सब्जा लावायचा. त्याचा वास निराळा. वळनाला झेंडू, त्याचा पाला नुसता घासला तरी वास येतुया. आन फाटकाला तुमची दुस्मन हायच, गुलबक्षी. म्हंजी हिला वासावरनं कळंल कुटं आलो ते."

डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी एकच बजावलं. गुलबक्षीच्या बिया आणि कंद कुत्र्यांच्या पोटात जाता कामा नयेत. ते काम आईनं घेतलं आणि त्यासाठी ती राहूनच गेली. रोज सकाळी वाकून ती पडलेल्या बिया वेचायची आणि डब्यात भरायची.

मृगात लावलेली रोपं श्रावणात गुडघ्याला लागली. सब्जा तर एवढा माजला की पायरी दिसेना. काळा दोनदा झेंडूच्या रोपांवर लोळला, आईनं त्याला दोनदा झाडू दाखवला. तिसऱ्यांदा तो झाडूवरच झोपला.

थोरलीचं मात्र काही सोपं नव्हतं. पायरीवर नेलं की ती चारी पाय रोवायची, थरथरायची. हे पायरीखाली उकिडवे बसायचे, सब्ज्याची पानं हातावर चोळून हात तिच्या नाकापुढं धरायचे आणि म्हणायचे, "चल गं, एक पायरी. एकच." एखाद्या दिवशी ती एक पाय टाकायची आणि परत घ्यायची. कधी तेही नाही. मला वाटायचं, आपण एका कुत्रीला उगाच छळतोय. एकदा तसं बोललेही. हे म्हणाले, "रंगरूट पहिल्या दिवशी परेड करत नाही."

गणपती बसायच्या आदल्या दिवशी ती स्वतःहून पायरी उतरली. दोन्ही पायऱ्या. सब्ज्यात तोंड घालून बराच वेळ उभी राहिली, झेंडूपर्यंत गेली आणि घाबरून मागं वळली. आई मोदकाची पिठी सोडून तशाच हातांनी टाळ्या वाजवत बाहेर आली. सगळीकडे पीठ उडालं. त्यानंतर थोरली रोज चार पावलं पुढं जायची. नवरात्रापर्यंत ती झेंडूच्या वळणाला पोचली होती. फाटकापर्यंत मात्र कधी गेली नव्हती, आणि चालायची तीही म्हाताऱ्या बाईसारखी, जमीन चाचपत.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी वानरं आली.

अजिंक्यताऱ्यावरून ती दरवर्षी उतरतात. त्या रविवारी सकाळी शेजारच्या पत्र्यावर धडाधड आवाज झाला आणि आठ-दहा वानरं कुंपणावर ओळीनं बसली. त्यातला एक हुप्प्या चांगला दांडगा होता. त्यानं पपईच्या झाडावर उडी मारून एक पिकायला आलेली पपई तोडली, दुसरी नुसतीच खाली टाकली. बाकीची झेंडूची फुलं ओरबाडून तोंडात घालू लागली. हीच फुलं दसऱ्याच्या तोरणाची. आई खराटा घेऊन निघाली तर हुप्प्यानं तिच्याकडे बघून दात विचकले. आई जागीच थबकली. काळा केव्हाच माझ्या खाटेखाली गेला होता, शेपटीचं टोक तेवढं बाहेर.

आणि मशीनच्या मागून थोरली उठली.

मी तिला अडवायला हात पुढं केला, पण ती माझ्या हाताखालून गेली. पुढचं दार, पायरी, दुसरी पायरी. सब्ज्यातून सळसळत निघाली आणि तिथून तिनं धाव घेतली. गेल्या पाच महिन्यांत जिनं पाऊल चाचपल्याशिवाय टाकलं नव्हतं, ती दोन्ही बाजूंच्या झाडांना अंग घासत, झेंडू मोडत, वळण न चुकता, मानेवरचे केस फुलवून भुंकत धावत होती. तो आवाज मी विसरले होते. पाच महिन्यांचं सगळं साचलेलं भुंकणं एकदम बाहेर आल्यासारखं वाटलं. पोरं टाकून पळावं तशी वानरं पळाली. हुप्प्या एक क्षण थांबला, पण ती आंधळी आहे हे त्याला कुठं माहीत? ती सरळ त्याच्याच रोखानं येत होती. त्यानं अर्धी पपई टाकली आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवर उडी मारली.

थोरली फाटकाशी पोचली. गुलबक्षीत शिरून तिनं पुढचे दोन्ही पाय फाटकाच्या आडव्या पट्टीवर ठेवले आणि जिकडे वानरं गेली होती तिकडे तोंड करून मनसोक्त भुंकली.

हे दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण, हातात वस्तरा, तसेच व्हरांड्यात आले. "शाब्बास!" एवढं मोठ्यानं ओरडले की गच्चीवरचे शेजारी दचकले. नंतर त्यांनी तोंड फिरवलं. साबण डोळ्यांत गेला असं ते आजही सांगतात.

थोरलीनं मग स्वतःच तोंड वळवलं. गुलबक्षी, मग झेंडू, मग सब्जा, दोन पायऱ्या. आत येऊन ती भांडंभर पाणी प्यायली. आईनं पातेल्यातली दाट साय, जिला घरात कोणी हात लावायचा नाही असा तिचाच दंडक होता, वाटीत काढून तिच्यापुढं ठेवली. दुपारपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन तिनं सांगितलं, "आंदळी हाय ओ, पर हुप्प्याला पळवलं! म्या डोळ्यांनी बगितलं."

त्या दसऱ्याला आमच्या तोरणात फुलं कमी आणि पानंच जास्त होती. कोणाची काही तक्रार नव्हती. कुंपणावरून सुटका करा म्हणणारे शेजारी संध्याकाळी सोनं द्यायला आले. जाताना जरा घुटमळले आणि म्हणाले, "सुभेदार, त्या गुलबक्षीचं थोडं बी मिळेल का?" आईनं आतून अख्खा डबाच आणून त्यांच्या हातात ठेवला.