राउंडकाकांचा फाल्गुन

राउंडकाकांना एक कप चहा एका जागी बसून संपवताना मी कधी पाहिलं नाही. दोन घोट घेतले की कप कठड्यावर ठेवायचे, "एक राउंड मारून आलोच" म्हणायचे आणि घरामागे निघून जायचे. परत येईपर्यंत चहावर साय धरलेली असे. ती बोटानं बाजूला सारून आणखी दोन घोट घेत, की पुन्हा राउंड. बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं शिफ्टमध्ये काढली होती. ठरावीक वेळानं उठून पंप, व्हॉल्व्ह, टाक्या बघून यायचं हे तिथलं काम. नव्वदच्या दशकात स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते घरी आले, तेव्हा नोकरी सुटली, सवय सुटली नाही. आता राउंड मेंढ्यांच्या वाड्यात होता, एवढाच फरक.

बडोद्याच्या कडेच्या छाणी गावाबाहेर, हायवेपासून थोडं आत त्यांचं आणि आमचं घर शेजारी शेजारी होतं. मध्ये कमरेएवढी भिंत. त्यांच्या मागच्या मोकळ्या जमिनीवर बाभळीचं कुंपण, पत्र्याची शेड आणि अकरा मेंढ्या. काका मूळचे माणदेशातले, धनगराघरचे. लहानपणी मेंढरांमागे इतकं चालावं लागलं होतं, की नोकरी मिळताच ते थेट बडोद्याला पळून आले. "मेंढरांचं तोंड बघायचं नाही म्हणून एवढ्या लांब आलो, आन् पेन्शनीत मेंढरंच घेतली," असं ते स्वतःवरच हसून सांगत.

काकूंना यात हसण्यासारखं काही वाटत नसे. त्या बडोद्यातल्याच, जुन्या मराठी घरातल्या. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या काकूंचं बोलणं स्वच्छ, साडी कडक इस्त्रीची. मेंढ्यांना त्या "तुमची मंडळी" म्हणत. "तुमच्या मंडळींनी माझी तुळस खाल्ली," असं त्या काकांना जेवताना शांतपणे सांगत आणि वरण वाढत. फाटकापर्यंत यायच्या त्याही नाकाला पदर लावून; इतक्या वर्षांत त्यांनी वाड्याच्या फाटकाआत पाऊल ठेवलं नव्हतं.

रस्त्याकडेचा केसुडा, म्हणजे आपला पळस, फुलला, कडुलिंबाची पानं अंगणात सांडू लागली की काका बदलत. मेंढ्या गाभण असत आणि फाल्गुन सरता सरता विणार असत. मग काकांचं जेवण उभ्यानं, वर्तमानपत्र उभ्यानं. बोलता बोलता मध्येच थांबून कान वाड्याकडे लावत. एकेका मेंढीची कास चाचपत, कुशीला कान टेकवत. "मशीन बिघडायच्या आधी तिचा आवाज बदलतो. जनावराचंबी तसंच, फक्त ते सांगतं हळू," असं म्हणत. सर्वांत जाड मेंढीचं नाव त्यांनी टाकी ठेवलं होतं. तिच्याकडे बघून ते म्हणत, "ही मला या वर्षी घोर लावणार." त्यांची ती अस्वस्थता आमच्याही घरात शिरे. भांडी घासताना आई मधेच विचारी, "बघ गं, व्याली का एखादी?"

मी तेव्हा सकाळच्या शाळेत नुकतीच शिकवू लागले होते. त्या वर्षी धुळवड झाली आणि दोनच दिवसांत काकांच्या छातीत दुखू लागलं. त्यांना शहरातल्या इस्पितळात दाखल केलं. झटका सौम्य होता, पण डॉक्टरांनी पलंगावरून उतरायला सक्त मनाई केली. मुलगा शिरीष बंगलोरला कॉम्प्युटर कंपनीत होता. तो निघतो म्हणाला, पण यायला वेळ लागणार होता. मी भेटायला गेले तेव्हा काका गादीची कड बोटांनी चाचपत पडले होते. स्वतःच्या छातीबद्दल एक अक्षर नाही. टाकी खाते का, बसते कशी, शेपटीजवळ खड्डा पडला का, एवढंच विचारत होते. मला त्यातलं काहीच सांगता येईना. शेजारच्या वस्तीतले काळूभाई भरवाड, इकडचे धनगरच, दोन्ही वेळा येऊन चारा-पाणी बघत, हे ऐकल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी काळूभाई नात्यातल्या लग्नाला खेडा जिल्ह्यात गेले होते. दुपारी काकू आंघोळीला आणि डबा न्यायला घरी आल्या, तर मागून विचित्र कण्हणं येत होतं. त्यांनी मला हाक मारली. टाकी आडवी पडून कळा देत होती. कोकराचं नाक दिसत होतं आणि एकच पाय. आम्ही दोघी फाटकाबाहेर उभ्या होतो, काय करावं कळत नव्हतं, आणि तेवढ्यात आमच्या घरात फोन वाजला.

काकाच होते. नर्सच्या इतकं मागे लागले होते, की ते उठून फोनपर्यंत चालत जाण्यापेक्षा हेच बरं म्हणून तिनं काउंटरवरचा फोन वायर ताणून त्यांच्या पलंगापर्यंत आणला होता. मी काय दिसतंय ते सांगितलं. 

"दुसरा पाय मागं अडकलाय," ते म्हणाले. "हात घालून पुढं आणावा लागंल. काळू कुठाय?"

काळूभाई नाहीत हे सांगितल्यावर म्हणाले, "मग तिला सांग."

आमचा फोन खिडकीपर्यंतच येई. मी खिडकीतून भिंतीपलीकडे ओरडून सांगायचं आणि काकूंचं उत्तर फोनवर सांगायचं, असं सुरू झालं. काकू म्हणाल्या, मला जमणार नाही. काका म्हणाले, जमंल. मग त्यांनी सांगितलं, हात कोपरापर्यंत साबणानं धू, खोबरेल लाव, आणि आधी बांगड्या काढ.

मी तसंच ओरडून सांगितलं. काकू फाटकाशी थबकल्या. दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. त्यांनी एका हातातल्या दुसऱ्या हातानं झाकल्या.

"आज?" त्या म्हणाल्या. "हे तिकडे असे असताना?"

हे फोनवर कसं सांगायचं, मला समजेना. मी अडखळत सांगितलं. काकांचा आवाज एकदम मऊ झाला. "तिला म्हणावं, मी हितं जिवंत आहे, बोलतोय. माझं काय व्हायचं ते बांगड्यांवर नाही. त्या मुक्या जिवाचं आहे. काढ म्हणावं."

काकूंनी ऐकलं. साबण लावून एकेक बांगडी उतरवली, तुळशीच्या कट्ट्यावर ओळीनं ठेवली, पदर खोचला आणि फाटक उघडून आत गेल्या. इस्त्रीच्या साडीसकट लेंड्यांत गुडघे टेकले.

पुढचं मी फोन आणि खिडकी यांच्यामध्ये ऐकलं, पाहिलं. कळ थांबेल तेव्हा डोकं हळूच मागं ढकलायचं. बोटांनी गुडघा शोधायचा. खूर तळहातात झाकून घ्यायचा, म्हणजे आत जखम होत नाही. काकूंचे डोळे मिटलेले होते. "सापडत नाही," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं, अगदी हळू आवाजात, "सापडला." काका म्हणाले, आता कळ येईल तेव्हा खालच्या अंगाला ओढ, ती थांबली की तूही थांब. आणि एका कळेबरोबर ते लांबट, ओलं, पिवळट पोर काकूंच्या मांडीवर आलं.

ते हलत नव्हतं. काकांनी विचारायच्या आधीच काकूंनी त्याच्या तोंडातला चिकटा बोटानं काढला, गोणपाटानं बरगड्या खसाखसा चोळल्या. काका फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होते. काकूंनी गवताची काडी त्याच्या नाकपुडीत फिरवली. कोकरू शिंकलं आणि बारीक आवाजात ओरडलं. मी फोन खिडकीबाहेर धरला.

परत कानाला लावला तेव्हा पलीकडे नर्स होती. "अंकल रडे छे," ती म्हणाली, "पण सारुं छे." रडताहेत, पण बरे आहेत.

काका घरी आले, ते शिरीषच्या हाताला धरून आधी वाड्यात गेले.  मग काकूंचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी शिरीषला शहरात मांडवीच्या बाजारात पाठवून नव्या बांगड्या आणवल्या. नंतरच्या महिन्यांत मी काकूंना कितीदा फाटकाआत उभं पाहिलं. नाकाला पदर नसे.

दिवाळीनंतर काका गेले. दुपारच्या झोपेतच. शिरीष काकूंना न्यायला आला, घरासाठी गिऱ्हाईकही तयार होतं, कारण तोवर हायवेच्या बाजूनं गोडाऊनं आणि सोसायट्या सरकत आमच्यापर्यंत आल्या होत्या. काकू म्हणाल्या, मेंढ्या गाभण आहेत. तो म्हणाला, आई, काळूभाई बघतील की. त्या म्हणाल्या, "काळूभाई लग्नाला जातात." आणि फाल्गुन संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

तो फाल्गुन त्यांनी एकटीनं काढला. जेवण उभ्यानं, कान मागच्या दाराकडे. एकदा मी म्हटलं, काकू, जरा बसा. तर म्हणाल्या, "मला वाटायचं, ह्यांना घरात करमत नाही म्हणून हिंडतात. तसं नव्हतं गं. ज्याला बोलता येत नाही, त्याचं ऐकायला जवळच जावं लागतं." एक कोकरू दगावलं, तेव्हा त्या दिवसभर जेवल्या नाहीत. बाकीची सगळी सुखरूप जगली.

कोकरं चालायला लागल्यावर कळप काळूभाईंच्या स्वाधीन करायचं ठरलं. त्यांचा वाडा हायवेपलीकडे होता. सकाळी काळूभाई काठी घेऊन पुढे झाले, मागे टाकी, मागे बाकीच्या, पायांत घोटाळणारी कोकरं. काकू नुसत्या निरोप द्यायला आल्या होत्या. पण हायवेशी आल्यावर ट्रकांची रांग थांबेना आणि मेंढ्या कडेला बिचकून एकमेकींवर चढू लागल्या. तेव्हा काकू सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, वर्गात गोंगाट थांबवताना करावा तसा उजवा हात वर करून. एक ट्रक करकचून थांबला. मागच्यांनी हॉर्न लावले. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून काहीतरी बोलला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. एक लंगडतं कोकरू सर्वांत मागे राहिलं होतं, आणि ते पलीकडच्या मातीवर पोचेपर्यंत त्यांचा हात खाली आला नाही.