पंचवीस ताटं जास्त

नगरपालिकेच्या हिशेब खात्यातल्या बाईंना सगळे मागून ‘का-बाई’ म्हणत. कुठलाही कागद पुढे आला की त्यांचा पहिला शब्द ‘का?’ तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी सात साहेबांच्या नाकी नऊ आणले होते.

वादळाच्या रात्री शाळेत निवारा उघडला होता. त्याचा खर्च सरकार परत देणार होतं, पण डोकी मोजून. शाळेच्या रखवालदाराच्या वहीत माणसं एकशे शहाऐंशी. खानावळवाल्या मावशींच्या बिलात ताटं दोनशे अकरा. आणि फाइल संध्याकाळी जायची होती.

“पंचवीस ताटं काय हवेत वाढली?” साहेब म्हणाले. “बिलच काढून टाका.”

मावशींनी सगळा किराणा उधारीवर आणला होता. बिल बुडालं तर खानावळीला कुलूप, हे बाईंना ठाऊक होतं. पण त्यांच्या डोक्यात भुंगा वेगळाच होता. खोटं बिल करणारी बाई सरळ सव्वादोनशे लिहील. दोनशे अकरा कशाला लिहील?

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्या शाळेत गेल्या.

“काका, त्या रात्री माणसं मोजलीत कशी?”

“चपला मोजल्या,” रखवालदार ऐटीत म्हणाला. “चिखल होता, म्हणून सगळ्यांना व्हरांड्यातच काढायला लावल्या. आत पोरं एका जागी बसतायत होय? चपला कुठं पळत नाहीत. एक जोड, एक माणूस.”

“आणि अनवाणी आले ते?”

काकांचा चेहरा पडला. “नदीकाठची मंडळी... ती तर होती तशी धावत आली. अहो बाई, ती राहिलीच की!”

कोडं सुटलं, पण तोंडी सांगून सरकार थोडंच ऐकतं? पुरावा कुठून आणायचा, या विचारात बाई कचेरीत परतून खुर्चीत टेकल्या आणि एकदम उठल्या. नामंजूर कागदांचा खण त्यांनी उपसून काढला.

तळाशी चपलांच्या दुकानाचं बिल होतं. वादळानंतरच्या सकाळी निवाऱ्यात वाटलेल्या चपला, पंचवीस जोड. बिलाच्या पाठीवर चपला घेणाऱ्यांच्या सह्या आणि अंगठे. त्याखाली लाल शाईत बाईंचंच अक्षर: ‘निवाऱ्यात चपला का? नामंजूर.’

जन्मभर ‘का?’ विचारणाऱ्या बाईंनी या एकाच ‘का?’च्या उत्तरासाठी थांबायचं टाळलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. लाल ओळ खोडून त्यांनी ते बिल मावशींच्या बिलाला टाचलं आणि फाइल स्वतःच उचलून साहेबांच्या खोलीत नेली.