शांता आधी हसली

संध्याकाळी आमच्याकडे टीव्हीवर हसवणारी मालिका लागते. एक घर, एक ऑफिस, दोन-चार मित्र आणि रोजचा नवा घोटाळा. ती सुरू झाली की मी उठून स्वयंपाकघरात जाते. सुनेला वाटतं, म्हातारीला विनोद कळत नाही. कळतो हो. पण प्रत्येक विनोदाला माझ्या मनात एकच येतं — हे कुणाच्या घरातून उचललं? कुणी आणून दिलं? असं का येतं, ते मी कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, पोटच्या मुलांपाशी नाही. देवापुढे बसल्यावरसुद्धा तेवढं वगळूनच हात जोडत आले. आज तुमच्यापाशी बोलते आहे. सगळं बोलवेल की नाही, माहीत नाही.

माझा स्वभाव संशयी आहे असं घरात सगळे म्हणतात. खरं आहे. कामवाली आली की मी बोलणं थांबवते. शेजारीण प्रेमाने चौकशी करायला लागली की माझ्या कपाळाला आठी पडते. फोनवर बोलताना मी आधी दार लोटून घेते. वय झालं म्हणून असं होतं, असं मुलगा समजावतो. वयाचा काय संबंध? ज्याने स्वतः चोरी केलेली असते, तोच कुलूप दोनदा ओढून बघतो. मी ते पन्नास-साठच्या दशकापासून ओढते आहे.

लग्न होऊन मी नाशिकहून नंदुरबारला आले. आमचे हे एका जिनमध्ये कारकून होते. जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. कारखान्यात वीज होती, पण मागच्या अंगाला आम्हा नोकरांच्या ज्या खोल्या होत्या तिथे रॉकेलचे दिवे. खोल्या बांधताना मालकाने एक शक्कल लढवली होती. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत देवळी ठेवली होती, तीही आरपार. तिच्यात एक दिवा ठेवला की दोन्ही घरांत उजेड. एक दिवस दिवा आमचा, एक दिवस शेजारच्यांचा. त्याच देवळीतून विरजण जायचं, चिमूटभर हिंग यायचा, आणि बोलणंही व्हायचं.

पलीकडे दगाजी फिटर राहायचे. त्यांची बायको कमल माझ्याच वयाची. शिवाय त्यांची आई, तिला सगळी चाळ जिजी म्हणे, आणि धाकटी बहीण शांता. शांता शाळेत जायची, हुशार होती. चिंचपाड्याच्या दवाखान्यातली नर्स तिने एकदा पाहिली होती. तेव्हापासून आपणही तसंच पांढरं पातळ नेसायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. दगाजींचा तिच्यावर भारी जीव. शाळेतून यायला उशीर झाला तर ते फाटकापाशी जाऊन उभे राहत.

मला त्या गावात कुणी नव्हतं. अहिराणी धड कळत नव्हती. कमलने मला बोलायला शिकवलं, चुलीवर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापायला शिकवलं, मुलगा झाला तेव्हा माझं न्हाणं-धुणं केलं. सासरचं काही सलत असलं की ती देवळीपाशी येऊन हळूच म्हणायची, "ताई, कोनले सांगू नको बरं. तुन्हाशिवाय मन्हं आठे कोनी नही."

— हे वाक्य सांगणं अवघड गेलं. पुढे जाते.

जिनच्या ऑफिसात रेडिओ होता. त्यावर दर आठवड्याला एका कुटुंबाची गमतीची श्रुतिका लागायची. ती ऐकून ह्यांच्या डोक्यात आलं की आपणही असं काही करावं. गणपतीत कापसाच्या गाड्या रिकाम्या करायच्या ओट्यावर गोणपाटाचा पडदा लागला, कर्णा लागला आणि 'झिपरूशेठचं बिऱ्हाड' सुरू झालं. झिपरूशेठ म्हणजे एक भित्रा कारकून. घरात आईला घाबरतो, ऑफिसात साहेबाला, रस्त्यात उधारीवाल्या पानवाल्याला. झिपरूशेठ आमचे हे. त्याची बायको तोलाईवाले नाना, नऊवारी नेसून, मिशी पदराखाली दडवून. त्या मिशीलाच लोक हसून बेजार व्हायचे. गणपती उठले तरी लोक ऐकेनात. मग दर आठवड्याला, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, नवा भाग ठरला. बाजारपेठेतून लोक यायचे, बायका अंथरायला पोती घेऊन यायच्या.

पण दर आठवड्याला नवीन गंमत आणायची कुठून? हे कागद पुढे घेऊन बसायचे आणि पेन्सिल चावायचे. एकदा मी भाकरी थापता थापता म्हणाले, "झिपरूशेठच्या आईला गुळाच्या मडक्याला दोरी बांधू दे. गाठ अशी मारेल की दुसऱ्या कुणी सोडली तर तिला लगेच कळेल." ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तसं त्यांनी माझ्याकडे त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

ती गाठ जिजीची होती. कमलने सांगितली होती, हसत हसत, देवळीतून.

त्या भागाला लोक खूप हसले. स्वतः जिजीसुद्धा हसली! तिला वाटलं, गुळाच्या मडक्याला तर कुठलीही सासू दोरी बांधते. मी बायकांत बसले होते. ती हशाची लाट माझ्या वाक्याने उठली होती आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. काय वाटलं म्हणून सांगू? मला फार बरं वाटलं. मग मी देवळीपाशी जास्त वेळ बसायला लागले. कमलला बोलतं करायला लागले. "मग पुढे काय झालं गं?" असं मायेने विचारायचे. ती सांगायची, मी लक्षात ठेवायचे, आणि जेवताना ह्यांच्या ताटाशी ते वाढायचे. एकदा ह्यांनी विचारलं होतं, हे शेजारचं तर नाही ना? मी म्हटलं, नाव कुठे घेतो आपण? त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण त्यांचं नाव पुढे करून मला सुटायचं नाही. आणून देणारी मीच होते.

आणि मग ते रांजणाचं.

दगाजी जिनच्या साहेबापुढे कधी तोंड उघडत नसत. यंत्र बिघडलं की साहेब सगळ्यांदेखत त्यांना नाही नाही ते बोलायचा, आणि ते खाली मान घालून ऐकून घ्यायचे. घरी आले की मात्र पाण्याच्या रांजणापुढे उभे राहायचे. कमरेवर हात ठेवून रांजणाला सांगायचे — साहेब, तुम्ही मला असं बोलायचं नाही. मीही माणूस आहे. सगळं बोलून झालं की रांजणातलंच पाणी प्यायचे आणि जेवायला बसायचे. हे मला कमलने सांगितलं. सांगताना ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. तिला त्या माणसाची माया येत होती, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. तरी मी त्या संध्याकाळी ह्यांना म्हणाले, "या वेळी मस्त काहीतरी आहे."

ओट्यावरचा रांजण आमच्याच घरून गेला होता. संशय घ्यायला तेवढंही पुरेसं होतं, पण कुणी घेतला नाही. पहिल्या रांगेत साहेब खुर्चीवर होता. दगाजी मागे, भिंतीला टेकून. झिपरूशेठ ऑफिसातून घरी आला, टोपी काढली, रांजणापुढे जाऊन कमरेवर हात ठेवले. अजून एक शब्द बोलला नव्हता. आणि बायकांतून एक हसू फुटलं — खळखळून, एकटंच.

शांता हसली होती. आधी. सगळ्यांच्या आधी.

मग झिपरूशेठ बोलला आणि सगळं आवार हसलं. साहेब तर मांडीवर थाप मारून हसला. मी मागे वळून भिंतीकडे पाहिलं. दगाजी तिथे नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून जिनमध्ये त्यांना 'रांजण' म्हणायला लागले. साहेबाला कुणी सांगितलं, की त्याने ओळखलं, देव जाणे. दगाजींनी घरी विचारलं, ही गोष्ट बाहेर गेली कशी? घरात तर चारच माणसं. जिजीचा आवाज देवळीतून मला स्पष्ट ऐकू आला, "आपला चुल्हानी गोट भोंगावर कशी गई वं?" मी दिवा फुंकला आणि अंधारात ऐकत बसले. त्या घरात तेव्हा प्रत्येक जण प्रत्येकाकडे संशयाने बघत होता, आणि मी एकटी निर्धास्त होते. खरंच निर्धास्त होते का? दिवा तर मीच फुंकला होता.

सकाळी कमल देवळीपाशी आली. रात्रभर रडलेली. दगाजींनी तिला माहेरी धाडायचं बोलून दाखवलं होतं. म्हणाली, "जिजी म्हनस, शांता पहिले हासनी. तू काही देखं का, ताई?" मग माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, "खरं सांग, तू तं नही ना बोलनी कोनाजोडे?"

तिला संशय आला होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. तेव्हा नुसतं 'हो' म्हणायचं होतं. फार तर ती मला बोलली असती, देवळी बुजवली असती, चाळीत माझी छी-थू झाली असती. आणखी काय झालं असतं? पण मला तेवढंही नको होतं. मी म्हणाले — अगदी शांतपणे म्हणाले —

"बोलणार नव्हते, पण तूच विचारतेस म्हणून. परवा नळावर शांता मुलींना दादाची नक्कल करून दाखवत होती. कमरेवर हात ठेवून."

हे खोटं होतं. शांताने नळावर काही केलं नव्हतं. हंडा भरला होता आणि गेली होती.

कमलच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला अजून दिसतं. तिची सुटका झाली होती. आपल्या हातून काही झालं नाही, आपली मैत्रीणही तशी नाही — तिला हेच हवं होतं, आणि तेच मी तिला दिलं. तिने ते जिजीला सांगितलं. माझं नाव मात्र घेतलं नाही. मला त्रास नको म्हणून लपवलं.

म्हणून तर शांता माझ्याकडेच आली. दुपारी, मागच्या दाराने. फ्रॉकवर ओढणी घट्ट ओढून घेतलेली. गालावर बोटं उठलेली. म्हणाली, "ताई, तुम्ही तं नळवर व्हतात ना. तुम्हीच सांगा जिजीले, मी कधी नक्कल कयी का?" ती मला साक्षीला बोलवत होती! त्या घरात तिच्यावर विश्वास ठेवणारं कुणी उरलं नव्हतं, आणि माझ्यावर तिचा विश्वास होता. आधी का हसलीस, हे मी तिला विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. आपला दादा तिने झिपरूशेठच्या उभं राहण्यात ओळखला होता. ज्याच्यावर आपली माया असते तो असा अचानक समोर दिसला की हसू येतंच. ती आनंदाने हसली होती.

मी म्हणाले, "तुमच्या घरच्या भांडणात मी कशी पडू, बाळा?"

तिने ओढणी पुन्हा घट्ट ओढून घेतली. मग गेली.

शांताची शाळा सुटली. घरचं बाहेर नेणारी पोर घरात नको, असं जिजीने ठरवलं. त्याच उन्हाळ्यात खापर गावाकडचं स्थळ आलं — शेतकरी, वयाने बराच मोठा, पहिली बायको गेलेला. दगाजी मांडवात वावरले, पण बहिणीशी बोलले नाहीत. फाटकातून बैलगाडी निघाली तेव्हा ते यंत्राला तेल द्यायला आत गेले. मी शांताची ओटी भरली. खण माझ्या पेटीतला, चांगला होता.

पावसाळ्यानंतर देवळीची माझी बाजू मी बुजवून घेतली. दिव्याचा धूर मुलाला सोसत नाही असं सांगितलं. कमलला वाईट वाटलं. तिला वाटलं, जिजी मला काही बोलली. ती उलट माझीच समजूत घालायला आली.

झिपरूशेठचं बिऱ्हाड पुढेही चाललं. गमती मी सुचवत राहिले. आता इतर घरांतल्या.

कमल शेवटपर्यंत माझी मैत्रीण राहिली. तिच्या घरी पहिला टीव्ही आला तेव्हा तिने मुद्दाम मला बोलावलं. खापरहून शांताही आली होती, नातीला घेऊन. केस पांढरे, हात शेतात राबून राठ झालेले. आम्ही सतरंजीवर शेजारी शेजारी बसलो. एका कुटुंबाची गमतीची मालिका लागली. कुणीतरी काहीतरी वेंधळेपणा केला आणि खोली हसली. शांता हसली नाही. तिने आधी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं — वहिनीच्या, पोरांच्या, माझ्या. सगळे हसताहेत याची खात्री करून घेतली. मग तोंडाला पदर लावून हसली. पुढच्या विनोदाला पुन्हा तसंच. नातीने विचारलं, आजी, तू नेहमी उशिरा का हसतेस? ती म्हणाली, "माले लवकर समजत नही, बेटा."

तेव्हाही मला बोलता आलं असतं. दगाजी पलीकडे खाटेवर होते, त्यांना ऐकू येत होतं, कमल होती, शांता हाताच्या अंतरावर होती. मी टीव्हीकडे बघत राहिले.

आता दगाजी नाहीत, कमलही नाही. शांता खापरला आहे. तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.