मुरमाचा भरलेला खड्डा

मी तेव्हा शिरूरच्या तहसील कचेरीत उमेदवार होतो. म्हणजे बिनपगारी शिकाऊ, ऐट मात्र सुभेदाराची. निजामाच्या मुलखातली पटकीची साथ नुकती ओसरली होती आणि गावचा केरकचरा, मेलेली जनावरं मोठ्या खड्ड्यात पुरायचा हुकूम आला होता. जागा ठरली माळावर. अडचण एकच: त्याच उताराला खाली गावची एकुलती गोड्या पाण्याची विहीर. खड्ड्यातली घाण झिरपली, की घरोघर पुन्हा पटकी.

तहसीलदारसाहेबांचं म्हणणं, धाब्याच्या घरावर चोपतात ती पांढरी माती आणून खड्ड्याला आतून थर द्यावा. मी छाती काढून म्हणालो, "गाड्या कशाला जुंपता साहेब? इथलाच मुरूम ठोकून असा बसवतो, की थेंब हलणार नाही!"

"शेखी पुरे. आजमावून दाखव."

मग काय! माळावर दोन उथळ खड्डे घेतले. एक नुसत्या मुरमाचा, दुसऱ्याला पांढऱ्या मातीचा थर. पाणी शिंपडून माती चोपायचा धुम्मस मीच हाणला. तळहाताला फोड आले, पण अंगात वारं शिरलं होतं. संध्याकाळी पखालीनं दोन्ही खड्डे काठोकाठ भरले.

झुंजूमुंजू होताच धावत गेलो. बघतो तर पांढऱ्या मातीचा खड्डा रिकामा आणि माझा मुरमाचा तुडुंब! मी माळावर चक्क नाचलो. पायाखाली काहीतरी मऊ लागत होतं. तिकडं बघतो कोण? तसाच पळत जाऊन साहेबांना चहावरून उठवून आणलं.

येईतो मुरमाचा खड्डा अर्ध्यावर.

"उन्हानं आटलं," मी म्हणालो.

"ऊन कुठाय बे? अजून दिवस वर आला नाही," साहेब म्हणाले. मग माझ्या पायांकडं बघून, "आणि जोड्याला या लेंड्या कसल्या?"

तेवढ्यात माळावरून मेंढरं घेऊन एक धनगर आला. रामराम घालून म्हणाला, "सरकार, चूक झाली. ह्या पांढऱ्या खड्ड्यातलं पाणी आमच्या मेंढरांनी पिलं. पर फुकटचं कशापायी घ्यावं? पहाटं हिरीवरून घागरी आणून शेजारच्या खड्ड्यात भरून ठिवलं."

"मग याच खड्ड्यात का नाही ओतलं?" मी ओरडलो.

"त्यात लेंड्या पडल्यात की मालक. शेजारचा लई साफ व्हता. पार कोरडा."

साहेबांनी माझ्याकडं सावकाश मान वळवली. "कोरडा म्हणे."

माझ्या मुरमानं रातोरात सगळं पाणी गिळलं होतं, आणि मी त्याच्यासाठी नाचून आलो होतो! नशीब धनगर वेळेवर बोलला; नाहीतर मी विहिरीवर पटकीच सोडली असती.

साहेबांनी खड्डे साफ करवून पुन्हा भरवले आणि मला काठी देऊन राखणीला बसवलं. मेंढरं हाकता हाकता माझा घसा बसला. दुपारी मुरमाचा तळ उघडा पडला. पांढऱ्या मातीतलं पाणी मात्र तसंच चमकत होतं. मी पुन्हा नाचलो, या खेपेला पायाखाली बघून. बघायला आलेले साहेब तिथूनच पांढऱ्या मातीच्या गाड्या सांगायला निघाले.

धनगर झाडाखालून उठला. "आता पाजू का?"

"पाज बाबा," मी म्हणालो, "पण भरून ठेवू नकोस!"