तीन पंख्यांचं कार्ड

"हातात घेऊन तर बघ," म्हणत प्रसादने त्याचं ग्राफिक्स कार्ड माझ्या हातात ठेवलं. जड होतं. पाठीला जाड धातूचा पत्रा, आत तांब्याच्या नळ्या, वर तीन पंखे. कुठेही दाबा, कुरकुर नाही. बिल्ड, म्हणजे बांधणी, झकास होती, आणि म्हणूनच माझ्या अंगाची लाही लाही झाली.

अंधेरीच्या आमच्या ॲनिमेशन स्टुडिओत मशीनचं सगळं आम्हा दोघांकडे. प्रसाद माझ्यानंतर आला, पण वर्सोव्याहून डब्यात तळलेली सुरमई आणून ऑफिसभर वाटायचा. त्यामुळे सगळे त्याचेच. आता हार्डवेअर लीडची जागा निघाली होती, आणि मला ती हवी होती. रेंडर मशीनसाठी दोघांनी एकेक कार्ड सुचवायचं, त्यावरून कामत सर लीड ठरवणार होते. रेंडर म्हणजे ॲनिमेशनच्या फ्रेम तयार करण्याचं काम. तासन्‌तास चालतं, आणि कार्ड सणकून तापतं.

माझं कार्ड दिसायला दरिद्री. प्लॅस्टिकचा डबा, एकच पंखा. याला ब्लोअर म्हणतात.

टेस्ट टेबलावर, उघड्यावर केली. सगळे तसंच करतात, कार्ड बदलायला सोपं पडतं. प्रसादचं थंडगार राहिलं. माझं तापलं आणि वर बोंबललंही.

"हे काय, लग्नातला जनरेटर आणलास?" सर हसले. प्रसाद हसला नाही. त्याचाही मला रागच आला.

"सर, आपली मशीन टेबलावर चालणार आहेत का?" मी म्हटलं. "बंद कॅबिनेटमध्ये दोन-दोन कार्डं चिकटून बसणार. तसं लावून बघू ना."

आणखी एकेक कार्ड मागवलं आणि आधी प्रसादची दोन लावली. तीन पंख्यांचं कार्ड गरम हवा आजूबाजूला सोडतं. टेबलावर ती निघून जाते. बंद कॅबिनेटमध्ये मात्र खालच्या कार्डाची गरम हवा वरचं कार्ड आत ओढतं. आमचं जेवण होईपर्यंत प्रसादचं वरचं कार्ड इतकं तापलं, की जळू नये म्हणून कार्डाने आपला वेग आपणच कमी केला. मग माझी दोन कार्डं लावली. ती हवा मागच्या जाळीतून थेट बाहेर फेकत होती. आवाज होता, पण वेग हलला नाही. मला नाचावंसं वाटलं.

प्रसादने जाळीमागे हात धरून पाहिला.

"सर, हिचंच घ्या. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मानलं गं तुला!"

सर त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिले. "टीम सांभाळायला असा माणूस लागतो."

कार्डं माझी आली. लीड प्रसाद झाला.

तुम्ही कार्ड घ्यायला गेलात तर नुसते पंखे मोजू नका. गरम हवा शेवटी कुठे जाते ते बघा. आमच्याकडे ती मशीनच्या मागे जाते. लीडला एसी केबिन मिळाली, आणि मशीनच्या मागे माझी खुर्ची आहे.