मान हलली ते सात सेकंद

डोळे मिटून पडा पण झोपू नका, असं मला सांगितलंय, आणि मी झोपायला लागले आहे.

दुपारचे तीन वाजलेत. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, एमआरआयच्या मशीनमध्ये मी उताणी पडले आहे. वय सहासष्ट, आजार कुठला नाही. म्हातारपणी माणसाच्या हालचाली मंद का होतात, आणि मनाच्या काही आजारांत त्या ऐन तरुणपणीच मंद का होतात, हे इथे मेंदूच्या चित्रांवरून शोधतात. त्यासाठी धडधाकट म्हातारी माणसंही लागतात. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात डॉक्टर मृणाल सोनटक्के येऊन हे समजावून गेली, तेव्हा ज्या चौघींनी हात वर केले त्यात मी होते.

पहिली वीस मिनिटं कामाची गेली. हिरवा ठिपका दिसला की अंगठ्याला एकेक बोट टेकवायचं, तांबडा दिसला की थांबायचं. आता आठ मिनिटं काहीच करायचं नाही.

"प्रमिलाकाकू, फक्त मान हलवू नका," मृणाल हेडफोनमधून म्हणाली. "जराशी हलली तरी चित्र बिघडतं."

मशीन ठोकायला लागलंय. खट-खट, खट-खट, जरा थांबून पुन्हा खट-खट. बाकीच्या बायका या आवाजाला घाबरल्या म्हणे. मी इचलकरंजीची. आमच्या गल्लीत रात्रंदिवस माग चालायचे, त्या आवाजातच आम्ही झोपायचो. जाग यायची ती आवाज बंद पडला की.

आणि एक माग बंद पडतो.

बाकीचे अकरा चालू आहेत. बंद पडलेला कुठला, ते मला न बघता कळतं. तो शशीचा. शशी म्हणजे शशिकांत, माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन तेवीस वर्षं झाली. मागापाशी उभा आहे, अंगात बनियन, केसांत कापसाचे तंतू. हातात आडवा धागा नेणारा धोटा तसाच धरलेला. ताण्यातला एक धागा तुटून लोंबतोय.

"आक्का, हितं काय कराय लागलीस?"

"डोकं तपासून घ्यायला आलोय."

"तुजं?"

"माजं."

तो हसतो. वरचे दोन दात एकमेकांवर चढलेले, ते दिसतात. "माजं बघाय पायजे हुतं की."

"तवा असलं मशीन न्हवतं आपल्याकडं."

"न्हवतं खरं. देवळं फिरवलासा मला."

तेवीस वर्षांत मी अशी बोललेले नाही. त्याच्यासमोर ती भाषा आपोआप तोंडात येते. मग मला कळतं, ही तीच दुपार आहे. मी चोवीस वर्षांची, वडलांची आणि त्याची भाकरी घेऊन कारखान्यात आलेली. वडील बाहेर गेलेले, आणि शशी बंद मागापुढे धोटा घेऊन उभा. दोन तास तो तसाच उभा असल्याचं शेजारच्या मागावरचा माणूस सांगतो. डोळे उघडे, पापणी लवत होती, बाकी काही हलत नव्हतं. सोंग करतोस होय, म्हणून मी त्याच्या थोबाडीत मारली होती. तरी धोटा त्याच्या हातातून पडला नव्हता.

"शशी, त्या दिवशी तुला हात हलवता येत न्हवता?"

तो विचार करतो. "येत हुता. सुरू कुठनं करायचा, त्ये गावत न्हवतं."

"मी मारलं तुला."

"हां. लागलं."

त्याच्या आवाजात तक्रार नाही. मी विचारलं, त्याने सांगितलं.

"मग बोलायचं न्हाईस?"

"बोलाय तोंड हलवाय लागतंय, आक्का."

तो धोटा माझ्या हातात देतो. लाकूड हाताच्या घामाने गुळगुळीत झालेलं, गरम. ठेवायला म्हणून मी वळते तर माग नाही, माझ्या मुठीत अक्षता आहेत. पुण्यात सासरच्या दारात मांडव घातलाय, मी हिरव्या साडीत पाटावर बसले आहे आणि गुरुजी विचारतायत, "नवरीचा भाऊ कुठंय? कानपिळी राहिली."

माझे वडील पुढे होऊन सांगतात, "भाऊ नाही तिला. होता एक. नऊ वर्षांचा असताना काविळीनं गेला."

हे वाक्य त्यांनी आधी बघायला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं होतं. त्याआधीची दोन स्थळं शशीमुळे परत गेली होती. लग्नाच्या वेळी शशी बावीस वर्षांचा होता आणि रेंदाळला आत्याकडे नेऊन ठेवलेला होता. सासूबाईंनी मला एकदा विचारलं, तेव्हा मीही तेच म्हणाले. नऊ वर्षांचा, कावीळ. मग नवऱ्याला म्हणाले. एकदा म्हटल्यावर ते मोडता येईना. शशी खरा गेला तो चाळिसाव्या वर्षी, रेंदाळलाच, झोपेत. आत्याच्या घरचं कुणीतरी गेलंय, असं सांगून मी एसटीने गेले होते. पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं.

मांडवात शशी पहिल्या रांगेत बसलाय आणि बुंदीचा लाडू खातोय. हात तोंडाशी जातो, खाली येतो. मी बघत राहते.

"कान कुणी पिळला मग?" तो विचारतो.

"चुलत्याच्या सुभाषनं."

"जोरात पिळला का?"

"लाजत हुता. नुसता हात लावला."

"त्येला काय दिलं पावण्यांनी?"

"शर्टपीस आन् टोपी."

"माजा त्यो," शशी म्हणतो आणि बोटाला लागलेली बुंदी चाटतो. मग विचारतो, "नऊ वर्साचा आसताना मी काविळीनं गेलो म्हन?"

"हां."

"लई तरास झाला का मला?"

"न्हाई," मी म्हणते. "लगेच गेलास."

"बरं झालं."

वाजंत्री थांबली आहे. पाहुणे जेवायला गेले असावेत, कारण आता आम्ही दोघंच आहोत आणि बसलोय तो आत्याच्या घरापुढचा कट्टा आहे. दगड उन्हाने तापलेला. आत्या आत धान्य पाखडतेय, सुपाचा आवाज येतोय. शशी चाळीस वर्षांचा झालाय, कानांवरचे केस पांढरे. हे वय मी फार थोडं पाहिलं. दिवाळीत माहेरी आले की एक दुपार चोरून रेंदाळला यायचे, डबा ठेवायचे आणि संध्याकाळच्या आत परतायचे.

"आक्का, आता कुणी इचारलं तर काय सांगतीस?"

"आता कोण इचारतंय. हे गेले, सासूबाई गेल्या."

"इचारलं तर."

"काय सांगू?"

"हुता म्हन," शशी म्हणतो. "चाळिशीपत्तोर हुता म्हन. काविळीनं गेला न्हाई म्हन."

"एवढंच?"

"एवढंच."

मला हो म्हणायचंय. मान हलत नाही. मृणालने हलवू नका म्हणून सांगितलंय हे मला आठवतं, पण त्यामुळे नाही. मान कुठून हलवतात तेच सापडत नाही. हनुवटी खाली आणायची की आधी मानेची शीर सैल सोडायची? इतकी वर्षं ही मान प्रत्येक गोष्टीला कशी हलत होती? मी आतून जोर लावते. काही होत नाही. शशी निघून जाईल, त्याला वाटेल मी नाहीच म्हणतेय.

तो जात नाही. समोर बसून माझ्याकडे बघत राहतो.

"सावकाश," तो म्हणतो. "मी हाय हितं."

असं त्याला कधी कुणी म्हटलं नाही. मी तर नाहीच. तो घाई करत नाही, हात लावत नाही, हाक मारत नाही. कट्ट्यावरचं ऊन त्याच्या पायापर्यंत येतं, गुडघ्यापर्यंत चढतं. मग कुठेतरी काहीतरी सुटतं आणि माझी मान खाली जाते. वर येते. पुन्हा जाते. तीनदा.

"काकू? काकू, ऐकू येतंय का?"

मशीनचा आवाज थांबलाय. फळी सरकत बाहेर येते आणि डोळ्यांवर ट्यूबलाइटचा उजेड पडतो. मृणाल माझ्या डोक्यावर बसवलेला प्लास्टिकचा पिंजरा काढते. डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून कानात गेलंय. ती काही विचारत नाही, कापूस देते.

बाहेर कॉम्प्युटरवर ती मला एक रेघ दाखवते. माझ्या डोक्याची हालचाल. सहा मिनिटं रेघ सरळ गेली आहे आणि मग एकामागून एक तीन टोकं वर उठलीत.

"इथे तुमचा डोळा लागला असणार. मान वर-खाली झालीय, सात सेकंद. हो म्हणताना करतो ना, अगदी तशी," ती म्हणते. "काळजी करू नका, तेवढा भाग आम्ही काढून टाकतो. बाकीचं छान आलंय."

मग ती प्रश्नांचे कागद काढते. चष्मा, झोप, पडणं-धडपडणं, रक्तदाब. चौथ्या पानावर विचारते, "रक्ताच्या नात्यात कुणाला मानसिक आजार? नाही ना?"

"भाऊ होता," मी म्हणते.

तिचं पेन थांबतं. "सख्खा?"

"सख्खा. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. चाळीस वर्षांचा होऊन गेला."

"आजाराचं नाव?"

"ते कुणी सांगितलं नाही. उभा राहायचा. हातात असेल ते धरून, तासन्‌तास."

ती ते तसंच उतरवून घेते. मग म्हणते, "काकू, मग निरोगी गटात तुमचं नाव ठेवता येणार नाही. आजारी माणसांच्या सख्ख्या नातेवाइकांचा वेगळा गट आहे, त्यात घालावं लागेल. चालेल ना?"

"त्यातच घाल."

उठताना मी तिला विचारते, काढून टाकायचा तो तुकडा मला कागदावर मिळेल का. त्याचं काय करणार, असं तिच्या चेहऱ्यावर दिसतं, पण ती छापून देते. कागद अजून गरम आहे. सरळ रेघ, तीन टोकं, पुन्हा सरळ रेघ. खाली आजची तारीख.

फाटकाजवळच्या बाकावर बसून मी मुलाला फोन लावते. "झालं का, आई?" तो म्हणतो. "न्यायला येऊ?"

"ये. घाई नाही. तुला शशीमामाबद्दल सांगायचंय."

"कोण मामा?" तो विचारतो, आणि मी सांगायला लागते.